सावळीरामने राखलेलं पाणी

सावळीराम काकळीज आमच्या कारखान्यात धुलाईचा मुकादम होता. कागदावर हुद्दा इंग्रजीत आणि लांबलचक होता, पण कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "मी मासळीचा कारखाना धुतो." अकरा वर्षं त्याने तो धुतला. पहिली सात वर्षं हातात ब्रश घेऊन आणि पुढची चार बारा माणसांवर देखरेख ठेवून. देखरेख करतानाही ब्रश हातातच असायचा.

कारखाना जानोरीच्या पुढे आहे, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. नाशिकमध्ये समुद्रातल्या माशाचा कारखाना म्हटल्यावर नवखा माणूस हसतो. नॉर्वेच्या समुद्रात जाळ्यांच्या मोठमोठ्या पिंजऱ्यांत वाढवलेला सॅमन बर्फाच्या पेट्यांतून विमानाने मुंबईला उतरतो आणि तिथून गाडीने आमच्याकडे येतो. आम्ही त्याचे काटे काढतो, मीठ लावतो, लाकडाच्या गार धुरात ठेवतो, कागदासारखे पातळ काप करतो आणि हवा काढलेल्या पाकिटांत भरून मुंबई-गोव्याच्या हॉटेलांना पाठवतो. हा मासा शिजत नाही. खाणारा पाकीट फोडतो आणि तसाच खातो. त्यामुळे आमच्याकडे चुलीचं काम धुलाईला करावं लागतं.

भीती असते ती एका जंतूची. त्याचं नाव लिस्टेरिया. बाकीचे बहुतेक जंतू फ्रिजमध्ये गप्प बसतात, हा तिथेही वाढतो. धडधाकट माणसाला तो बहुधा फार त्रास देत नाही, पण गरोदर बाई, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांच्या जिवावर बेततं. हे मला आमच्या गुणवत्ता विभागाच्या तेजस्विनी मॅडमनी समजावलं. माझं शिक्षण कॉमर्सचं. मी कार्यालयात हजेरी, पाळ्या आणि पत्रव्यवहार पाहतो.

मॅडम रोज ओल्या कापसाची काडी यंत्रांवर, फरशीवर, दारांच्या मुठींवर पाळीपाळीने फिरवायच्या, प्रत्येक जागेवर आठवड्यातून एकदा. ती काडी मधाच्या रंगाचं पाणी असलेल्या छोट्या बाटलीत टाकायच्या आणि बाटली उबेला ठेवायच्या. दोन दिवस पाण्याचा रंग तसाच राहिला तर जागा स्वच्छ. काळा पडला तर लिस्टेरियाचा संशय.

सावळीरामला या बाटल्यांचं फार कौतुक. त्याच्या माणसांनी धुतलेल्या यंत्राची बाटली मधाच्या रंगाची राहिली की तो ती उजेडात धरून बघायचा. "बघा, चहा हाय नुसता. बिनदुधाचा."

तो मूळचा नांदगाव तालुक्यातला. तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत माणसं मोठी होतात. त्याच्या घरी भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी भिजायची आणि भांड्यांचं पाणी म्हशीच्या अंगावर जायचं. कोणाच्याही दारात नळ ठिबकताना दिसला की तो न विचारता जाऊन आवळायचा. माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा चहाच्या आधी त्याने मोरीतल्या नळाचा वायसर बदलला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या भागात पाणी तिसऱ्या दिवशी यायला लागलं. धुलाईला पाणी पुरेना. आमच्याकडे क्रेट धुवायच्या तीन टाक्या आहेत. पहिलीत साबण, दुसरीत साधं पाणी, तिसरीत शेवटचं विसळायचं पाणी. संध्याकाळी तिन्ही टाक्या गटारात सोडायच्या असा नियम. तिसऱ्या टाकीतलं पाणी सोडताना सावळीरामचा हात थबकायचा, कारण ते दिसायला पिण्यासारखं असायचं. त्याने एक निळं टिपाड आणलं, दोनशे लिटरचं, झाकणाचं. शीतखोलीच्या मागच्या बोळात ते ठेवलं आणि तिसऱ्या टाकीचं पाणी त्यात भरायला सुरुवात केली. सकाळी सव्वासहाला, पाळी सुरू व्हायच्या आधी, तो एकटाच येऊन त्या पाण्याने काप विभागाची फरशी ओली करायचा, क्रेट एकदा विसळायचा आणि कापाच्या यंत्राच्या पट्ट्यावर दोन तांबे ओतायचा, म्हणजे मासा चिकटत नाही. याला तो 'सकाळचा हात' म्हणायचा.

टँकर कमी झाले. महेशभाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. पुढे पाऊस चांगला झाला, पाणी रोज यायला लागलं, पण सकाळचा हात चालूच राहिला. धुलाईच्या तक्त्यात तो कुठेच लिहिलेला नव्हता. टिपाड मला माहीत होतं, फरशीसाठी आहे एवढंच. मॅडम नंतर आलेल्या. बोळात जंतुनाशकाचे डबे असतात, म्हणून त्यांना ते औषध कालवायचं टिपाड वाटलं.

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापाच्या यंत्राची बाटली काळी पडली.

पहिल्या वेळी कोणी फार घाबरलं नाही. कच्च्या माशाबरोबर जंतू कधीतरी येतो, धुवून जातो. यंत्र उघडून दोनदा धुतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा काळी. आता मॅडमचा चेहरा बदलला. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीशी आमचा करार होता की एकाच जागेची आठवड्याची बाटली ओळीने तीनदा काळी पडली तर तो विभाग बंद. काप विभागात अडतीस बाया होत्या.

मॅडमनी आठवड्याच्या हिशेबाबाहेर, संध्याकाळी धुलाई झाल्यावर काडी फिरवली. ती बाटली स्वच्छ राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, काम चालू असताना फिरवली. ती काळी.

सावळीरामला यात आपली सुटका दिसली. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात त्याने संजनाला गाठलं. संजना जानोरीचीच, आधी द्राक्षांच्या पॅकिंगला होती, आता कापाचं यंत्र तिच्याकडे. मी हजेरीचं पुस्तक घेऊन तिथेच उभा होतो.

"संध्याकाळची बाटली कोरी, सकाळची काळी," सावळीराम म्हणाला. "मंग मधी कोण येतं?"

"आम्ही येतो ना, मुकादम. पदराला गाठ मारून आणतो तुमचा जंतू."

"थट्टा नको करू. तुम्ही बागेतनं येता. नखात माती असती."

"हे बघा." तिने दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरले. "का बोटंच तोडून टाकू मॅडमच्या बाटलीत? रंग बघा मंग काय येतो त्ये."

बाया हसल्या. सावळीराम हसला नाही. त्याने खरंच मॅडमना सांगून संजनाच्या हातमोज्यांची, बुटांची, ॲप्रनची बाटली लावायला लावली. सगळ्या स्वच्छ निघाल्या. संजना त्याच्याशी बोलायची बंद झाली.

मग तो पहाटे साडेपाचला यायला लागला. जंतू दिवसा येतोय तर आपण सकाळचा हात जास्त चांगला करू, असा त्याचा हिशेब. टिपाडातलं पाणी दुप्पट वापरायचा. पट्ट्यावर दोनऐवजी सहा तांबे. फरशी लख्ख. मी एकदा लवकर गेलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून यंत्राचे पाय धूत होता, घामेजलेला, त्या दहा डिग्रीच्या खोलीत.

"एवढं धुतोय साहेब," तो म्हणाला, "तरी कुठनं येतंय कळत नाय."

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, तिसरी बाटली काळी पडली. बाकीच्या दोनदा दोन दिवस लागले होते. ही एका दिवसात पडली.

काप विभाग बंद झाला. अडतीस बाया डबे घेऊन घरी गेल्या. महेशभाऊंनी उरलेल्या आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं. ते ओरडत नाहीत. खाली बघून बोलतात आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

"ज्याच्या कामातून हे आलं असेल," ते म्हणाले, "तो माणूस इथे राहणार नाही. मग तो कोणीही असो. मॅडम, शोधून काढा."

गुरुवारी मॅडम आणि सावळीराम दिवसभर शोधत होते. कारखान्याची प्रत्येक नळी, प्रत्येक फट सावळीरामला पाठ होती, म्हणून मॅडमनी त्यालाच बरोबर घेतलं. तो पोटावर झोपून बॅटरी धरायचा, त्या काडी फिरवायच्या. गटाराच्या जाळ्या, एसीचं पाणी जमतं ती ताटली, यंत्राच्या पोकळ पायांचे बोल्ट, दारांची रबरं. एकेचाळीस बाटल्या झाल्या.

"हा जंतू एकदाच येतो, काका," मॅडम त्याला सांगत होत्या. "कुठल्या तरी पेटीतून एखाद्या दिवशी आला असेल. पण मग तो घर करतो. गार, ओली, कोणी हलवत नाही अशी जागा. तिथून रोज बाहेर पडतो. आपल्याला त्याचं घर सापडायला हवं."

"सापडंल," सावळीराम म्हणाला. "मी नसंल सोडलं एकबी भोक."

शुक्रवारी दुपारी आणखी एक गोष्ट घडली. काप विभाग बंद पडण्याआधी, सोमवार-मंगळवारी भरलेला माल शीतखोलीत होता. नाताळ आठवड्यावर आलेला, मुंबईहून फोनवर फोन. त्या मालातली काही पाकिटं बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून स्वच्छ आल्याचा कागद सकाळीच आला होता. महेशभाऊंनी गाडी लावली.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, घर सापडेपर्यंत थांबू या."

"माल स्वच्छ आहे असा कागद आहे, मॅडम. यंत्र बंद आहे. माल का थांबवू? एक कारण द्या."

चार पाकिटं तपासली म्हणजे चारशे तपासली असं होत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. महेशभाऊ म्हणाले, तसं तर रोजच असतं.

दोन वाजता गाडीत माल चढायला लागला. तीनला निघणार होती.

अडीचच्या सुमारास मॅडमनी एकेचाळीस बाटल्या बाहेर काढल्या. पहिल्या बाटल्यांना तीस तास झाले होते, घर त्यांत असतं तर एव्हाना काळी पडली असती. एकही काळी नव्हती. गटारसुद्धा स्वच्छ. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सावळीराम दारात उभा होता.

"चांगलं झालं की," तो म्हणाला.

"नाही काका. वाईट झालं. आपण पुसलेलं सगळं स्वच्छ आहे. म्हणजे आपण पुसलंच नाही असं काहीतरी आहे."

पुढचं मला सावळीरामने नंतर सांगितलं. त्याने दारातूनच विचारलं, "मॅडम, त्यो पाण्यात राहतो का? घाण पाण्यात म्हणत नाय मी. चांगल्या."

"चांगलं म्हणजे?"

"दिसायला चांगलं. नितळ."

"साचलेलं, गार, आणि त्यात माशाचं थोडंसं तेल असेल तर महिनोन्महिने राहील. भांड्याच्या आतून बुळबुळीत थर धरतो. पाणी बदललं तरी तो थर जात नाही. का, काय झालं?"

"काय नाय," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

तो बोळात गेला. टिपाडाचं झाकण काढलं. आत पाणी होतं, तळ दिसत होता. दोन वर्षांत त्याने ते टिपाड बाहेरून रोज पुसलं होतं, आतून कधीच घासलं नव्हतं, कारण त्यात चांगलंच पाणी असायचं. त्याने बाही सारून कोपरापर्यंत हात घातला आणि आतल्या भिंतीवरून बोटं फिरवली. पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर पाय पडतो तशी बोटं सरकली.

तिथे तो किती वेळ उभा राहिला हे त्याला सांगता आलं नाही. मला वाटतं पाच-सात मिनिटं असतील, कारण गाडीचं मागचं दार बंद झाल्याचा आवाज त्याने ऐकला. तो म्हणाला, "साहेब, खरं सांगतो, पहिलं मनात आलं त्ये टिपाड आडवं करायचं. गटार शेजारीच. एक लाथ. मंग ब्लीच टाकून घासलं असतं, उन्हात पालथं घातलं असतं. पुढच्या बाटल्या कोऱ्या. कोणाला काय कळणार व्हतं? जंतू गेला म्हनले असते सगळे. मुकादमकी राहिली असती."

"मग?"

"मंग गाडीतल्या क्रेटचं काय? सोमवारचे, मंगळवारचे क्रेट मीच विसळले त्या पाण्यानं. पट्टा मीच भिजवला. कागदावर माल कोरा. पण त्यो कागद लिव्हणाऱ्याला टिपाड कुठं माहीत व्हतं?"

गाडीचं इंजीन सुरू झालं. मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं, सावळीराम बोळातून पळत येत होता. पांढरे गमबूट, एक बाही कोपरापर्यंत ओली. धावताना तो कधी दिसला नव्हता. ओल्या फरशीवर पळू नका हे तोच सगळ्यांना सांगायचा.

"पुंजाराम, गेट लाव!" तो ओरडला. "गेट लाव म्हणतो!"

आमचा पहारेकरी पुंजाराम गेटची कडी हातात धरून गोंधळला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सावळीराम गाडीच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकले. दम लागलेला.

महेशभाऊ बाहेर आले. "काय चाललंय?"

"गाडी नका सोडू, भाऊ."

"का?"

सावळीरामने बॉनेटवरचे हात काढले नाहीत. मागून मॅडम आल्या. त्या दिवशी बंद काळातली हजेरी धरणार का हे विचारायला संजना आणि आणखी दोघीतिघी आल्या होत्या, त्याही पुढे आल्या.

"का?" महेशभाऊंनी पुन्हा विचारलं.

"त्याचं घर माझ्या टिपाडात हाय." त्याने ओला हात वर केला. "तिसऱ्या टाकीचं पाणी मी राखतो. रोज. सकाळी पट्ट्यावर टाकतो, क्रेटला लावतो. दोन वर्षं झाली. आतून बुळबुळ आली. या गाडीतला समदा माल त्या क्रेटमधी व्हता."

गाडीचं इंजीन अजून चालू होतं.

"तू मला हे आत्ता सांगतोस?" महेशभाऊ म्हणाले. आवाज खालीच होता.

"मला आत्ता कळलं, भाऊ."

मॅडम आधीच बोळाकडे निघाल्या होत्या, हातात काडी आणि बाटली. महेशभाऊंनी ड्रायव्हरला हातानेच इंजीन बंद करायची खूण केली.

सावळीराम बॉनेटपासून बाजूला झाला. जाताना संजनापाशी थांबला. "तुझं नख कोरं व्हतं," तो म्हणाला.

"मला माहीत व्हतं," संजना म्हणाली. "तुम्हाला आठवडा लागला."

टिपाडाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी होती. गाडीतला माल उतरवला. मॅडमनी मुंबईच्या कंपनीला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. मग पाकिटं फोडून, ब्लीच टाकून, खड्डा खणून माल पुरला. दोन दिवस लागले. सावळीराम दोन्ही दिवस खड्ड्याजवळ होता, कोणी सांगितलं नव्हतं तरी. काप विभागातली यंत्रं पूर्ण सुटी करून धुतली. नाताळ असाच गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओळीने तिसरी बाटली स्वच्छ राहिली आणि बाया कामावर परत आल्या.

तोवर सावळीरामचा निर्णय लांबला होता. तो रोज यायचा, रोज धुवायचा, आणि रोज संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, "कागद आला का?" मी नाही म्हणायचो. माणसाला असं टांगून ठेवणं मला बरं वाटत नव्हतं, पण महेशभाऊंचं ठरत नव्हतं. अंगणात सगळ्यांसमोर बोललेला शब्द त्यांना मागे घेता येत नव्हता आणि पाळवतही नव्हता.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला मजकूर सांगितला. सावळीराम काकळीज यांना मुकादम पदावरून कमी करून साधे धुलाई कामगार म्हणून ठेवण्यात येत आहे, पाण्याच्या वापराबाबत त्यांच्याकडून अनवधानाने गंभीर चूक झाली, पुन्हा असं घडल्यास नोकरी संपेल. मुकादमकी संजनाकडे. मी पत्र टाइप केलं आणि त्याला बोलावलं.

तो बोट ठेवून वाचत गेला. एका जागी बोट थांबलं.

"साहेब, अनवधानाने म्हणजे चुकून ना?"

"हो. तुझ्याच बाजूचा शब्द आहे. राहू दे."

"चुकून सांडलं असतं तर चुकून. मी रोज भरत व्हतो. मुद्दाम. चांगलं काम म्हणून."

"तसं लिहिलं तर उद्या कोणी उलटा अर्थ काढेल, सावळीराम. मुद्दाम म्हणजे मुद्दाम."

"मुकादमकी तर गेली. अजून काय काढतील?" त्याने पत्र माझ्याकडे सरकवलं. "खाली सही माझी हाय. वर जे हाय त्ये मी केलेलं पाहिजे."

मी महेशभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, तो म्हणतो तसं लिहा. मी तो शब्द खोडला आणि वाक्य नव्याने टाइप केलं: पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने, जाणूनबुजून, दोन वर्षं. सावळीरामने ते दोनदा वाचलं आणि सही केली. सही करताना त्याचा हात संथ होता, एकेक अक्षर सुटं.

दारात संजना आली. मुकादमाची हिरवी टोपी तिला जरा मोठी होत होती.

"ओ जुने मुकादम, तीन वाजले. क्रेट पडलेत समदे. का कागदच वाचत बसता?"

"आलो, बाई, आलो," सावळीराम म्हणाला. त्याने पेनाला टोपण लावलं, पेन माझ्या टेबलावर ठेवलं आणि गमबूट घालायला बाहेर गेला.